बैलांनी ठरवलेला चढ

पुण्याहून भोर, भोरहून वरंधा घाट उतरून महाड, महाडहून रायगडाच्या पायथ्याला जाऊन परत, मग पोलादपूर, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, पसरणीच्या घाटाने वाई आणि मांढरदेवीवरून पुन्हा भोर. नकाशावर हा फेरा साडेतीनशे-पावणेचारशे किलोमीटरचा भरतो. मोटारीने तो दोन दिवसांत उरकतो आणि उरकल्यासारखाच लक्षात राहतो. सायकलने पाच दिवस लागतात. रायगडाला पुरता दिवस दिला तर सहा. महाराष्ट्रात सायकलने हिंडण्याजोगे रस्ते पुष्कळ आहेत. पण सह्याद्री एकदा उतरायचा, एकदा चढायचा, देश आणि कोकण दोन्ही तुडवायचे आणि सतराव्या शतकातली निम्मी बखर वाटेत भेटायची, हे एकाच फेऱ्यात दुसरीकडे क्वचितच जमते. म्हणून या प्रकरणात इतर रस्त्यांना हात न लावता हाच एक घेतला आहे.

निघण्यापूर्वी थोडे गणित करू. ते नंतर प्रत्येक वळणावर उपयोगी पडते.

नवखा सायकलवाला विचारतो, घाट किती उंच? मुरलेला विचारतो, चढ किती टक्के? शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर जात असाल तर तो पाच टक्के चढ; जुन्या ओव्हरसिअरांच्या भाषेत विसास एक. स्वार, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो वजन धरा. साधारण तब्येतीचा माणूस तासन्‌तास टिकवू शकेल असा जोर १२० वॉटच्या आसपास असतो. तेवढ्या जोरावर पाच टक्क्यांचा चढ ताशी साडेसात-आठ किलोमीटरने सुटतो. हाच चढ दहा टक्के झाला की वेग चारवर येतो, म्हणजे चालण्याइतका, आणि त्या वेगात सायकलचा तोलही धड राहत नाही. पाच टक्के आणि दहा टक्के यांत आकड्याने दुपटीचा फरक आहे. सायकलवाल्याला मात्र तो घाट चढणे आणि सायकल ढकलणे यांतला फरक वाटतो.

गिअरचे महत्त्व इथेच आहे. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ४८ आणि मागे १८ दात असले तर पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळपास सहा मीटर पुढे जाते. ताशी पावणेआठच्या वेगाने चढायचे तर पायडल मिनिटाला बावीसच फेरे घेणार, आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघ्याची परीक्षा. पुढे ३० आणि मागे ३४ दातांचा गिअर टाकला की एका फेऱ्यात दोन मीटरसुद्धा जात नाही. त्याच वेगाला पाय मिनिटाला सत्तरच्या आसपास फिरतात आणि दम शाबूत राहतो. ताकद तितकीच लागते, फक्त ती लहान हप्त्यांनी फेडता येते. फ्रान्समधल्या सेंत-एतियन गावचा पॉल द व्हिव्ही हा गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून डोंगरात हिंडून हेच कानीकपाळी ओरडत होता. शर्यतवाल्यांना मात्र गिअर बदलणे हे बायाबापड्यांचे काम वाटे. तूर द फ्रान्सच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. आजही ‘मी गिअर न बदलता घाट मारला’ असे सांगणारे वीर भेटतात. त्यांना हात जोडावेत आणि आपला लहान गिअर टाकावा.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या जुन्या घाटरस्त्यांचा चढ बहुतेक ठिकाणी पाच टक्क्यांच्या आगेमागे राहतो. तो सायकलवाल्यासाठी कोणी आखला नव्हता. तो बैलांसाठी आखला होता.

पक्क्या खडीच्या सपाट रस्त्यावर टनभर वजनाची भरलेली गाडी चालती ठेवायला साधारण पंचवीस किलोची ओढ लागते. विसास एकच्या चढावर त्यात आणखी पन्नास किलोची भर पडते, एकूण पंचाहत्तर. चांगल्या बैलजोडीचे वजन साडेसातशे किलोच्या घरात असते आणि बैल आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ओढ दिवसभर देऊ शकतो. म्हणजे विसास एक हा एका जोडीचा चढ. याहून तीव्र केला की दुसरी जोडी आणा. आषाढी वारीत माउलींचा रथ दिवे घाट चढतो तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जुंपतात, हे आपण दरवर्षी पाहतो. त्यामागे हेच गणित आहे. बोरघाटात चाकाच्या गाड्यांसाठी नीट बांधलेला रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८३० च्या नोव्हेंबरात खुला केला आणि पुढच्या पन्नास वर्षांत सह्याद्रीत एकामागून एक गाडीरस्ते झाले. आजही इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम डोंगराळ भागातल्या रस्त्याला सर्वसाधारण चढ पाच टक्केच सांगतात. बैल गेले, पण त्यांचे माप राहिले, आणि माणसाच्या पायांना ते बेताचे बसते.

अलीकडच्या गावजोड रस्त्यांचे असे नाही. जीप आणि डंपर चढला की झाले, या हिशेबाने काढलेला रस्ता सरळ डोंगराच्या उरावर जातो. म्हणून अनोळखी मुलखात एखाद्या घाटाला जुने इंग्रजी नाव असेल तर सायकलवाल्याने खुशाल समजावे की चढ सोसवेल. आंबेनळीचे जुने नाव फिट्झजेराल्ड घाट. सर सेमूर फिट्झजेराल्ड १८६७ ते १८७२ मुंबईचा गव्हर्नर होता.

पण गाडीरस्त्यांच्या आधीही या डोंगरातून हजारो वर्षे माल जात होता. तो बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. दोन्ही अंगांना गोण्या लादलेला बैल पंधरा-वीस टक्क्यांची नाळ चढून जातो. त्याला ओढायचे नसते, फक्त पाऊल टाकायचे असते. जुन्नरजवळचा नाणेघाट ही त्या काळची सर्वांत प्रसिद्ध वाट. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख तिथल्या लेण्यात आहे आणि वर तोंडाशी दगडी रांजण आहे, जो जकातीसाठी होता असे सांगतात. आपल्या फेऱ्यातही अशा वाटा आहेत: मढे घाट, उपांड्या, शेवत्या, गोप्या. एकाही वाटेने सायकल जात नाही, आणि किल्ले, लेणी, टाकी मात्र या जुन्या वाटांवर नजर ठेवून बसलेली. त्यामुळे डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्याला गड कधी कधी भलत्याच ठिकाणी उभा दिसतो. गड चुकलेला नसतो, रस्ता सरकलेला असतो. हे एकदा ध्यानात आले की प्रवासात नकाशा वेगळाच वाचता येतो.

पहिला दिवस फार रेंगाळण्याचा नाही. नव्या बोगद्याच्या वाटेला न जाता कात्रजचा जुना घाट धरायचा. पुढे महामार्ग टाळता येत नाही. डावी कड धरून, आरसा लावून, खेड-शिवापूर मागे टाकावे. नसरापूरला मात्र वाट वाकडी करून बनेश्वराला जावे. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातले, १७४९ चे. सभामंडपातली घंटा पाहा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हा आकडा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. दुसरी आपल्याला फेऱ्याच्या शेवटी वाईजवळ भेटणार आहे.

कापूरहोळला महामार्ग सुटतो आणि सायकलचा खरा रस्ता सुरू होतो. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. १८६९ चा राजवाडा अजून उभा आहे. सिनेमावाल्यांनी त्याला इतके वेळा दाखवले आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो. मुक्काम भोरलाच करावा. कारण इथून महाडपर्यंत पंचाहत्तर किलोमीटर आहेत आणि मधे मुक्कामाची सोय बेताची आहे.

भोरहून वरंधाकडे जाणारा रस्ता नीरा नदीच्या काठाकाठाने चढत जातो. चढ म्हणावा तर चढ नाही, सपाट म्हणावे तर पाय कबूल करत नाहीत. उजव्या-डाव्या हाताला नीरा देवघर धरणाचे पाणी मैलोन्‌मैल सोबत करते. शिरगावला नीरेचा उगम. इथे पोचेपर्यंत तुम्हाला आपण सह्याद्री चढलो असे वाटलेलेच नसते, आणि एकदम समोर जमीन संपते.

याचे कारण डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे पसरले आणि त्यांचे दख्खनचे पठार झाले. त्याची पश्चिमेकडची कड तुटलेली, उभी. पूर्वेकडे मात्र ते हळूहळू उतरत जाते. म्हणून कड्यावर पडलेला पाऊस, समुद्र डोळ्यांना दिसेल इतका जवळ असताना, पाठ फिरवून पूर्वेला जातो. नीरा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. देशावरून येणाऱ्याला घाट म्हणजे निव्वळ उतार वाटतो तो यामुळेच. सगळा चढ कोकणातून वर येणाऱ्याच्या वाट्याला.

घाटाच्या तोंडाशी वाघजाईचे देऊळ आणि भज्यांच्या टपऱ्या आहेत. भजी घ्या, पण पिशवी हँडलला अडकवून फोटो काढायला जाऊ नका. माकडे तुमच्याहून चपळ आहेत. टपऱ्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना पाहिले तर ध्यानात येते की आपण एका किल्ल्याच्या मधोमध उभे आहोत. हा कावळ्या किल्ला. गाडीरस्ता काढताना खिंड फोडली आणि किल्ल्याचे दोन तुकडे झाले. देवळाजवळच्या कातळात ओळीने खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्या घाटांत पाणी जिथे हवे तिथेच सापडते: चढाच्या मध्यावर किंवा माथ्यावर. ज्याने टाके खोदले त्याला बैल कुठे थांबतो हे माहीत होते. दोन बाटल्या रिकाम्या करून वर आलेल्या सायकलवाल्याला त्याच्या हुशारीची कदर पुस्तक न वाचता करता येते.

उतरणीबद्दल दोन शब्द, कारण चढणारे लोक चढाची तयारी करतात आणि उतारावर पडतात. शंभर किलो वजन सहाशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर दीड-दोन लिटर पाणी उकळेल. काही भाग वारा खातो, बाकीची तुमच्या ब्रेकमध्ये जाते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते, ट्यूब तापते आणि भलत्या वळणावर फुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोराने दाबून वेग मारावा, वळणात सोडून द्यावेत, पुढच्या सरळ तुकड्यात रिम गार होऊ द्यावी. डिस्क ब्रेक असले तरी पद्धत हीच. वरंध्याच्या उतारावर खड्डेही आहेत आणि सुटी खडीही. इथे वेगाची हौस भागवू नये.

आणि पावसाळ्यात इकडे येऊच नये. हिरवा सह्याद्री, धबधबे, ढगांत बुडालेला घाट ही सगळी वर्णने खरी आहेत. पण २२ जुलै २०२१ ला याच परिसरातल्या तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली, हेही खरे आहे. त्याच पावसात महाड शहर बुडाले आणि आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला. वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना बंद करतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत या फेऱ्याचा हंगाम. मार्चपासून कोकणचे ऊन सायकलवाल्याला भाजून काढते.

घाट संपल्यावर एक फाटा शिवथरघळीकडे जातो. समर्थ रामदासांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला अशी परंपरा आहे. घळीचा शोध धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० मध्ये लावला. पाऊस संपून थोडेच दिवस झाले असतील तर घळीवरून कोसळणाऱ्या धबधब्याच्या आवाजात शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. या गोंगाटात ग्रंथ सांगणारा आणि लिहून घेणारा, दोघांचेही कान शाबूत असले पाहिजेत.

महाड हे गाव घाईत ओलांडण्याचे नाही. सावित्रीची खाडी बाणकोटहून आत येते आणि भरतीबरोबर गलबते दासगावापर्यंत, लहान होड्या महाडपर्यंत येत. मीठ, नारळ, सुकी मासळी इथे उतरे आणि घाट चढे. वरून धान्य आणि गूळ येई. वरंधा काय, पार घाट काय, आपण ज्या वाटांवर घाम गाळतो आहोत त्या सगळ्या या बंदराच्या शेपट्या. गावाला लागून महामार्गाच्या कडेला गांधारपाल्याची लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी अशी जागा का निवडली, याचे उत्तर तिथल्या लेखात सापडते. त्यात सेठीच्या, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याच्या, घरातून आलेल्या दानाची नोंद आहे. जिथे मालाची वर्दळ तिथे दान, जिथे दान तिथे विहार.

गावात चवदार तळे आहे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. सायकल लावून काठावर बसावे. दिवसभर टपरी, विहीर, हातपंप, कुणाचा माठ अशा कुठल्याही पाण्याला विनासायास तोंड लावत आलेल्या माणसाला इथे थोडा वेळ काढणे भागच आहे.

महाडहून पाचाड पंचवीस किलोमीटर. सामान महाडलाच ठेवून हलक्या सायकलने जाऊन यावे. पाच किलो ओझे कमी केले तर चढावरचे पाच टक्के श्रम वाचतात; हे गणित इतके सरळ असूनही लोक तीन-तीन जीन्स का घेऊन फिरतात ते कळत नाही. पाचाडला जिजाबाईंचा वाडा आणि समाधी. राज्याभिषेक ६ जून १६७४ चा, आणि त्या १७ जूनला गेल्या. मुलाला सिंहासनावर पाहिले आणि अकरा-बारा दिवसांत डोळे मिटले. वाड्यातल्या विहिरीच्या काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या केलेला आहे. तिला तक्क्याची विहीरच म्हणतात. शिवाजी महाराज इथे बसत असे गावकरी सांगतात. बसून पाहिले तर पाठीला अगदी बरोबर लागतो, एवढे मी नक्की सांगेन.

गडावर पायऱ्यांनी जावे. १९९६ पासून रज्जुमार्ग आहे आणि पाय फारच बोलत असतील तर त्यात कमीपणा नाही; पण दीड हजारांच्या घरातल्या पायऱ्या चढल्याशिवाय राजधानीसाठी हीच जागा का, हे समजत नाही. चारही बाजूंना तुटलेला डोंगर, हाकेच्या अंतरावर बंदर, आणि घाटमाथ्यावर जाणाऱ्या वाटा दोन्ही अंगांना. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगड घेतला तो चढून नव्हे, शेजारच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागून. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले दोन, रायगड आणि प्रतापगड, आपल्या फेऱ्यात येतात.

महाड ते पोलादपूर हा तुकडा महामार्गाचा. बोलण्यासारखे त्यात काही नाही. पहाटे निघून संपवावा आणि पोलादपूरला भरपेट नाश्ता करावा, कारण आता फेऱ्यातला सगळ्यात मोठा दिवस सुरू होतो. चाळीस किलोमीटरमध्ये सुमारे तेराशे मीटर चढायचे. शंभर किलो वजन तेवढे वर न्यायला शरीर तेराशेच्या आसपास कॅलरी जाळते, म्हणजे ज्वारीच्या सात-आठ भाकऱ्या. नुसत्या चहावर हा घाट होत नाही.

पहाटे निघण्याचे आणखी एक कारण आहे. सह्याद्रीची ही बाजू पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य डोंगराच्या मागून उगवतो, त्यामुळे पहिला टप्पा सकाळी बराच वेळ सावलीत राहतो. दुपारी याल तर हेच कातळ भट्टीसारखे तापलेले. उलट दिशेने फेरा करणारे लोक वरंधा दुपारी चढतात आणि मग घाटालाच नावे ठेवतात. फेरा वरंध्याने उतरावा, आंबेनळीने चढावा असे मी सांगतो ते यासाठी.

चढताना वळणांची एक खुबी कळते. नागमोडी वळणाची आतली कड आणि बाहेरची कड दोन्ही तेवढ्याच उंचीवर पोचतात, पण आतली कड लांबीला कितीतरी कमी. म्हणजे आतून चढ दुप्पट तीव्र. आपल्याकडे गाडी डावीकडून, म्हणून डाव्या हाताचे प्रत्येक आवळ वळण सायकलवाल्याला आतल्या बाजूने घ्यावे लागते आणि तिथेच दम तुटतो. मागून-पुढून काही येत नाही अशी खात्री असेल तर रस्त्याच्या मधोमध येऊन वळण रुंद घ्यावे. खात्री नसेल तर वळणाच्या आधीच सर्वांत लहान गिअर टाकून डोके खाली घालावे. उजव्या वळणावर आपण आपोआप बाहेरच्या कडेला असतो. तिथे चढ क्षणभर आडवा होतो, तेवढ्यात पाण्याचा घोट घ्यावा.

अर्ध्या वाटेवर डोंगराची पहिली धार ओलांडली की डावी-उजवीकडे रान दाटते आणि कोयनेचे खोरे सुरू होते. हे जावळी. १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून ती घेतल्यावर शिवाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधला. कुंभरोशीहून गडावर जाणारा फाटा छोटा पण खडा आहे. सायकल खाली कुणाच्या तरी हॉटेलात ठेवावी.

१० नोव्हेंबर १६५९ ची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. पण गडावरून पूर्वेला, महाबळेश्वरच्या भिंतीकडे पाहताना ती पायांच्या भाषेत पुन्हा सांगता येते. अफझलखान वाईला होता. वाई म्हणजे मोकळा मुलूख. घोडदळ, हत्ती, तोफा सगळे तिथे उपयोगाचे. तिथून त्याला जावळीत उतरायचे म्हणजे आधी महाबळेश्वरचे पठार चढायचे आणि मग रडतोंडीच्या घाटाने पारला उतरायचे. ती वाट माणसाच्या आणि गोणीच्या बैलाच्या मापाची होती. तोफेच्या गाड्याच्या मापाची नव्हती, फौजेने परत फिरण्याच्या मापाची तर मुळीच नव्हती. भेटीच्या शामियान्यात जे झाले ते झालेच. पण खानाचे निम्मे बळ त्या उतारावर आधीच खर्ची पडले होते, असे ती वाट पाहिल्यावर माझे मत झाले आहे.

पार गाव रस्त्यापासून थोडे बाजूला, खाली आहे आणि बहुतेक सायकलवाले ते गाळतात. गाळू नये. फिट्झजेराल्डच्या रस्त्याने वाहतूक पळवली तोवर कोकणची वाट या गावावरून, पार घाटाने जात होती. रामवरदायिनीचे देऊळ आहे, आणि कोयनेवर दगडी कमानींचा एक पूल आहे. तो शिवकालीन मानला जातो. घडीव काळे दगड, वर आजही वाहने जातात. सायकल कठड्याला टेकवून खाली नदीत उतरावे आणि कमानींखालून पाहावे. कोयना इथे ओढ्याएवढीच आहे. एवढ्याशा पाण्यावर एवढा पूल कशाला, असे वाटेल. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा याच कमानींखालून जातो.

पारहून वर येऊन मुख्य रस्ता धरला की उरलेला चढ सावलीचा, जंगलातला, एका लयीत चढणारा आहे. थकलेल्या पायांनाही तो मानवतो. वर पोचल्यावर बाजारपेठ ओलांडून क्षेत्र महाबळेश्वरला जावे. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांचे उगम एकत्र मानले आहेत. भूगोलाच्या दृष्टीने गंमत अशी की यांतली सावित्री तेवढी पश्चिमेला उडी घेते. दोन दिवसांपूर्वी महाडला जी खाडी पाहिली, ती हीच. तिच्या मुखाकडून उगमाकडे आपण सायकलने आलो. उद्या कृष्णेबरोबर खाली जाऊ.

महाबळेश्वर ते पाचगणी रस्ता शनिवार-रविवारी सायकलवाल्याचा राहत नाही. फेऱ्याची आखणी करताना हा दिवस मंगळवार-बुधवारी येईल असे पाहावे, बाकी सगळे आपोआप जमते. पाचगणीहून पसरणी घाट बाराएक किलोमीटरचा, डोंगराला चिकटून उतरणारा. खाली धोम धरणाचे पाणी आणि कृष्णेचे हिरवे खोरे सतत दिसत राहते. पुण्या-साताऱ्याचे सायकलवाले हा घाट सरावासाठी चढतात, कारण चढ सगळीकडे सारखा आहे.

वाईत घाटावरचा ढोल्या गणपती पाहावा. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेले हे देऊळ पुराचे पाणी कापता यावे म्हणून मागच्या बाजूला माशासारखे निमुळते केले आहे. ज्यांना पुस्तकांचे वेड आहे त्यांनी विश्वकोशाच्या कचेरीवरून एक चक्कर मारावी; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे मराठी विश्वकोशाचा संसार मुंबई-पुण्यात न थाटता या गावात थाटला गेला. मग तीन किलोमीटरवरचे मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, त्यामागे कृष्णेचा देखणा घाट आणि घाटावरच्या देवळात ती दुसरी घंटा. हिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. वसईची लूट देशावर आली तेव्हा बोरघाटात गाडीरस्ता व्हायला अजून नव्वद वर्षे होती. एवढ्या वजनाचा ओतीव धातू कुणाच्या खांद्यांवरून, कुठल्या नाळेने वर चढला असेल, याचा विचार आता चार घाटांचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने करून पाहावा.

वाईहून पुण्याला सरळ रस्ता खंबाटकीचा. तो मालमोटारींचा आहे, सायकलचा नाही. मांढरदेवीचा घाट चढून भोरला जावे. काळूबाईचे देऊळ उंच डोंगरावर आहे आणि या घाटात काही ठिकाणी बैलांचे माप साफ मोडलेले आहे. दोन-चार वळणे चालत गेलात तरी कोणी हसणार नाही. फक्त पौषातल्या यात्रेच्या दिवसांत इकडे फिरकू नये, तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पलीकडे उतरल्यावर आंबवडे लागते. नागेश्वराच्या देवळाकडे जाणारा झुलता पूल पंतसचिवांच्या काळातला, आणि जवळच भोर संस्थानचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव यांची समाधी. देवळाच्या आवारात गार सावली आहे, पाणी आहे, आणि डबा खायला यापेक्षा चांगली जागा या फेऱ्यात मला तरी सापडलेली नाही.

भोरहून आल्या वाटेने कात्रजला जायचा कंटाळा आला असेल तर कापूरहोळला महामार्ग ओलांडून नारायणपूर-सासवडचा रस्ता घ्यावा. उजव्या हाताला पुरंदर किल्ला दिसत राहतो आणि शेवटी दिवे घाटाचा उतार मिळतो. रुंदीकरणाचे काम चालू असेल तर घाट खुला आहे का ते सासवडलाच विचारून घ्यावे. घाटाखाली वडकीला मस्तानी तलाव आहे, तिथपर्यंत सायकल मजेत येते. हडपसरपासून पुढे मात्र धूर, सिग्नल आणि रिक्षा. तेवढ्यापुरता टेम्पो केला तरी फेरा पुरा झाला असेच मी धरतो.